न कापलेल्या टाळ्या

भोपाळच्या इंद्रपुरीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात दर रविवारी सकाळी कॉन्सर्ट असायची. तिकीट नव्हतं, पण नियम कडक होते. रेकॉर्ड सुरू झाली की बोलायचं नाही, बाजू संपेपर्यंत उठायचं नाही, आणि गाणं संपून तिकडचे लोक टाळ्या वाजवायला लागले की इकडच्यांनीही वाजवायच्या.

नियम आशयचे. त्याच्याकडे रॉकच्या रेकॉर्डींनी एक अख्खी भिंत भरली होती आणि त्यातली एकही स्टुडिओत बसून केलेली नव्हती. सगळ्या लाइव्ह. कुठल्याशा परक्या शहरात, कुठल्याशा मैदानावर, आशयच्या जन्माआधी कधीतरी हजारो माणसांपुढे वाजवलेलं संगीत, आणि त्यात मिसळलेल्या त्या माणसांच्या शिट्ट्या, आरोळ्या, खोकले. कॉलेजात असताना, पिपलानीच्या क्वार्टरमध्ये वडील कारखान्यात ड्यूटीवर गेले की तो आणि त्याचा मित्र निखिल रेकॉर्ड लावून चक्क उभं राहून टाळ्या वाजवायचे. भोपाळला असले बँड कोण आणणार, मग आपणच जायचं त्यांच्याकडे, असा हिशेब. निखिल पुढे बंगळूरला गेला आणि सुधारला. आशयची सवय मात्र लग्नानंतरही टिकली, आणि हळूहळू सगळ्या घराला लागली. आशयच्या आईने, म्हणजे कांचनताईंनी, आधी कपाळाला हात लावला होता. मग एका रविवारी त्याही वाजवायला लागल्या. "भजनाला वाजवतो, याला वाजवल्या तर काय हात झिजतायत," म्हणाल्या. वडील, अनंतराव, निवृत्त झाल्यापासून पेपर मांडीवर ठेवून, न बघता दोन-चार टाळ्या वाजवायचे आणि पुन्हा पेपरात शिरायचे.

आणि अमू वाजवायची. आशय आणि मंजूषाची, दीड वर्ष उलटून गेलेली मुलगी अमृता. एक हात स्पीकरच्या जाळीवर ठेवून, गुडघ्यात वाकून वाकून नाचायची, आणि टाळ्या आल्या की मागे वळून दोन्ही हातांनी टाळ्या पिटायची. तो सोहळा बघायला पाहुण्यांना बोलावलं जायचं.

त्या रविवारी कोपऱ्यावरच्या दुकानातून पोहे-जिलेबी आली होती. अनंतराव गॅलरीत फोनवर बोलत होते. कांचनताई चहा गाळायला आत गेल्या होत्या. आशयची बोटं पाकाने चिकट झाली होती, आणि रेकॉर्डींना ती लागू नयेत म्हणून त्याने दोन्ही हात हवेत अधांतरी धरले होते. मंजूषाच्या दोन हातांत दोन बश्या. गाणं संपलं. तापल्या तेलात मोहरी तडतडावी तशा टाळ्या उसळल्या आणि वाढत गेल्या.

अमू वळली. तिने बाबाच्या हातांकडे पाहिलं. मग आईच्या हातांकडे. मग दाराकडे, जिथे आजी नव्हती. आणि स्पीकरवरचा हात तसाच ठेवून उभी राहिली, कुणीतरी काहीतरी करायची वाट बघत असल्यासारखी.

टाळ्या ओसरल्या. आशय बेसिनवर जाऊन हात धुऊन आला. "अरे, राहिल्याच की," म्हणत त्याने उगाच दोन टाळ्या वाजवल्या. आता रेकॉर्डवर टाळ्या नव्हत्याच, पुढचं गाणं सुरू झालं होतं. अमूचा चेहरा उजळला आणि तिने टाळ्या पिटल्या.

मंजूषाच्या हातातली बशी कलली. पोहे सतरंजीवर सांडले.

ही शंका काही एकाएकी मनात आलेली नव्हती. गेल्या दिवाळीत खाली गल्लीत सुतळी बॉम्ब फुटत होते आणि अमू पाळण्यात गाढ झोपलेली होती. सगळ्यांनी कौतुक केलं होतं, किती शांत बाळ आहे म्हणून. मंजूषानेही केलं होतं. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की कुकरची शिट्टी झाली की अमू स्वयंपाकघराकडे बघते, पण ती बघते तेव्हा मंजूषा शिट्टी ऐकून उठलेली असते. दाराची बेल वाजली की दाराकडे बघते, पण कुणीतरी दाराकडे निघाल्यावर. अजून एक शब्द नाही. 'आ' आणि 'म्म', तेही पूर्वीपेक्षा कमीच. डॉक्टर म्हणाले होते, "दो साल तक रुकिए, हर बच्चा अलग होता है." कांचनताई म्हणाल्या होत्या, "आशय तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नाही. आता थांबव बघू त्याला."

थांबायचं म्हणजे काय, हे मंजूषाने वाचलं होतं. ऐकू येत नसेल तर जितकं लवकर कळेल तितकं बरं. मेंदू आवाजाची जागा फार काळ राखून ठेवत नाही. हे वाचल्यापासून घरातला प्रत्येक दिवस तिला हातातून निसटल्यासारखा वाटायचा. पण ती काही बोलू लागली की सगळेजण एकाच पुराव्याकडे बोट दाखवायचे. टाळ्या. जी पोर टाळ्यांवर टाळ्या वाजवते तिच्या कानात काय बिघाड असणार?

दुपारी आशय रेकॉर्डी पुसून कव्हरात घालत बसला होता. मऊ फडकं, गोल गोल हात, ओठांत गुणगुणणं. अमू झोपली होती.

"आशय, अमूने आज टाळ्या वाजवल्या नाहीत."

"आवडलं नसेल. त्या कार्यक्रमात गिटार जरा बेसूर आहेच. पोरीचा कान तयार होतोय."

"आपण कुणीच वाजवल्या नाहीत म्हणून तिने नाही वाजवल्या. ती ऐकत नाही रे. आपले हात बघते."

त्याचं फडकं थांबलं. "मंजू, परत सुरू नको करूस."

"मी एवढंच म्हणते, टेस्ट करून घेऊ."

"कशाची टेस्ट? तिला ड्रम सुरू झालेले कळतात, थांबलेले कळतात. स्पीकरला चिकटून उभी असते ती."

"हात ठेवून उभी असते. हातच का ठेवते?"

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. रेकॉर्ड कव्हरात सरकवली, कव्हर रांगेत लावलं, आणि मग, चिडून नव्हे, थकून म्हणाला, "तुला ना, काळजी करायला काहीतरी लागतंच. आधी वजन. मग दात. मग म्हणे चालत नाही. चालली ना?"

चालली होती.  आजवर ज्या ज्या गोष्टीची तिने धास्ती घेतली ती ती आपोआप नीट झाली होती. आणि आता खरंच काही असलं तरी तिचं कोण ऐकणार?

 दोन दिवस ती विचार करत होती. मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी केलं तेव्हा सरांनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं बंद करायचं. घरात अमूभोवती सगळं एकत्र चालू असायचं. हलणारे हात, उठणारी माणसं, थरथरणारा स्पीकर. तर ते सगळं बंद करायचं आणि आवाज तेवढा ठेवायचा.

मंगळवारी सासू-सासरे शाहपुऱ्याला सुमनमावशींकडे गेले. आशय ऑफिसात. मंजूषाने आतल्या खोलीतल्या दोन गाद्या ओढत आणल्या आणि एकेक करून दोन्ही स्पीकर त्यांच्यावर चढवले, म्हणजे थरथर फरशीतून जाणार नाही. समोरच्या टोकाला रजईची चौपदरी घडी घालून त्यावर अमूला बसवलं. स्पीकरकडे पाठ, पुढ्यात वाट्या आणि एक डाव. अमू खूश झाली. लहान वाटी मोठीत, मोठी आणखी मोठीत.

रेकॉर्ड कुठली लावायची हे तिने आधीच ठरवलं होतं. आशयकडे एकाच कार्यक्रमाच्या दोन प्रती होत्या. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात त्याने दोन्ही लागोपाठ ऐकवल्या होत्या. एकीत कंपनीने जागा वाचवायला टाळ्या कापून टाकल्या होत्या. गाणं संपलं न संपलं तोच पुढचं. दुसरीत शेवटच्या गाण्यानंतर टाळ्या थांबतच नाहीत. ओसरतात, पुन्हा चढतात, कुणीतरी बाई काहीतरी ओरडते, आणि तबकडी संपते तेव्हाही लोक वाजवतच असतात. ती प्रत त्याने कितीतरी शोधून जपानहून मागवली होती. "गाणं दोन्हीत तेच आहे," तो म्हणाला होता, "पण यात लोक आहेत, मंजू. पूर्ण लोक." तेव्हा तिला त्याचं फार गोड वाटलं होतं.

तिने ती काढली. कडेला धरायची, शिकवल्याप्रमाणे. सुई शेवटच्या गाण्यावर टेकवली आणि आवाज आधी लहान ठेवला. अमूच्या मागे, तिला दिसणार नाही अशी उभी राहिली. रजईला तळहात लावून पाहिलं. थरथर नव्हती.

अमूने वाटी उचलली.

तिने आवाज वाढवला. मग आणखी. तावदानं गुणगुणायला लागली. भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावर हलायला लागलं. तिच्या स्वतःच्या छातीत ढोल वाजल्यासारखं होत होतं. ती मनात म्हणत होती, वळ. एकदाच वळ बाई. मी वेडी ठरू दे, आयुष्यभर हसू देत मला सगळे.

गाणं संपलं आणि टाळ्या फुटल्या. एवढ्या की खोलीत उभं राहायला जागा नाही असं वाटावं. अमू डावाने वाटीतलं काही नसलेलं ढवळत होती.

बेल वाजली. मग दारावर थापा. मंजूषाने दार उघडलं तर खालच्या मजल्यावरच्या चौरसिया आंटी, हातात जपमाळ.

"बहू, शादी है क्या घर में? अंकल पूजा में बैठे हैं, पूरा मंदिर हिल रहा है."

"सॉरी आंटी, अभी बंद करती हूँ," म्हणत ती धावली. आवाजाचं बटण समोर होतं. पण तिने घाईत सुईचा दांडाच धरला.  सुई सुटली, तबकडीवर आडवी घसरत गेली, आणि एवढ्या मोठ्या आवाजात जो काही खर्रकन चरा उमटला, तो दाढेत कळ जावी तसा होता. आंटींनी जपमाळेसकट कानांवर हात घेतले.

अमूने वाटीत वाटी घातली.

खोली शांत झाली. आंटी आत आल्या तशी त्यांची सावली रजईवर पडली, आणि तेव्हा अमूने मान वर केली आणि हसली.

"देखो इसको," आंटी म्हणाल्या, "मजे से खेल रही है. इसको तो आदत पड़ गई तुम लोगों के शोर की."

मंजूषाला रडू आलं नाही. आंटी गेल्यावर तिने दाराला कडी लावली, अमूला कडेवर घेतलं, आणि कान तपासणाऱ्या एका क्लिनिकचा नंबर, जो तिने कधीचा जपून ठेवला होता, तो लावला. गुरुवारी सकाळी या म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा ठेवून तिने मुलीचं नाव, वय सांगितलं. फोन ठेवल्यावर मात्र अमूच्या मानेत तोंड खुपसून बराच वेळ बसली.

रेकॉर्ड तिने कव्हरात घातली. लपवावं असं मनात आलं नाही असं नाही. पण आशयपासून ओरखडा लपवणं म्हणजे सोनाराला पितळ सोनं म्हणून दाखवण्यासारखं झालं असतं. आणि गाद्या परत नेण्याचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

संध्याकाळी आशय आला. सासू-सासरेही नुकतेच परतले होते. बूट काढता काढताच त्याने विचारलं, "स्पीकर गाद्यांवर काय करतायत?"

तिने सगळं सांगितलं. क्रमाने, काही न वगळता. गाद्या, रजई, आवाज, आंटी, आणि अमू वळली नाही. मग सुई.

त्याने शेवटचंच ऐकलं.

"कुठल्या रेकॉर्डवर?"

तिने सांगितलं. 

"कुठे पडला ओरखडा? गाण्यावर?"

"टाळ्यांवर."

"म्हणजे बरोब्बर तिथेच." तो हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "तुला एवढंच बघायचं होतं तर मोबाइलवर लावायचंस. तेच गाणं आहे ना?"

"मोबाइलवर टाळ्या कापलेल्या आहेत."

 कांचनताई मध्ये पडल्या. "अरे, एका तबकडीवरून काय. आणि मंजू, तूही, दुपारच्या वेळी एवढा धांगडधिंगा. लेकरू घाबरलं असेल."

"नाही ना घाबरलं, आई," मंजूषा म्हणाली. "तेच सांगतेय केव्हाची."

अनंतरावांनी पेपर खाली ठेवला. 

आशयने रेकॉर्ड काढली. दिव्याखाली तिरकी धरून पाहिली. बोट लावायची हिंमत न झाल्याने हवेतच ओरखड्यावरून बोट फिरवलं. मग टर्नटेबलवर ठेवली, सुई शेवटच्या गाण्यावर टेकवली आणि फरशीवर मांडी घालून, मान खाली करून ऐकायला बसला. नुकसान किती आहे ते कानाने मोजायला. हात गुडघ्यांवर, घट्ट.

अमू आली. रेकॉर्ड लागली की ती येतेच. तबकडी फिरताना दिसते ना. आधी गादीवरच्या स्पीकरला हात लावून नाचली, मग येऊन बाबाच्या समोर बसली, तोंडाकडे तोंड करून.

गाणं संपलं. टाळ्या सुरू झाल्या, आणि त्यात ओरखडा. खर्र, मग टक. टक. प्रत्येक फेरीला टक. आशय मोजल्यासारखा ऐकत होता. टाळ्या ओसरल्या, चढल्या, ती बाई ओरडली. टक. मंजूषा दारात उभी होती.  बोलण्यासारखं सगळं तिचं बोलून झालं होतं.

त्याने मान वर केली. मंजूषाला काहीतरी म्हणायलाच केली असावी, कारण तोंड उघडलं होतं. पण मध्ये अमू होती. अमूचं लक्ष त्याच्या तोंडाकडे नव्हतं, स्पीकरकडे नव्हतं. ती त्याच्या गुडघ्यांवरच्या हातांकडे बघत होती. अख्खं मैदान टाळ्या वाजवत होतं आणि ती बसली होती, हात मांडीत घेऊन, वाट बघत.

टाळ्या लांबच लांब होत्या. त्यासाठीच तर त्याने ती प्रत मागवली होती. त्या संपेपर्यंत तो हलला नाही आणि अमूही हलली नाही.

सुई शेवटच्या रिकाम्या रेघेत जाऊन फिरत राहिली. आशय उठला. त्याने सुई उचलून पुन्हा त्याच गाण्याच्या मध्यावर ठेवली, जिथे सगळी वाद्यं थांबतात आणि गाणारा एकटाच, जवळजवळ कुजबुजल्यासारखा गातो. त्या जागी घरात कुणी बशी वाजवलेलीही त्याला चालत नसे. तो परत अमूसमोर बसला आणि त्या कुजबुजीच्या मधोमध त्याने टाळी वाजवली. एक, दोन.

अमूने आनंदाने दोन्ही हात पिटले.

त्याने थांबवल्या. ती थांबली. त्याने पुन्हा वाजवल्या. तिने पुन्हा वाजवल्या, आता खिदळत, हा नवा खेळ छान आहे अशा थाटात.

"अरे, आता कसल्या टाळ्या," कांचनताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "गाणं चालू आहे अजून."

 आशयने तिसऱ्यांदा हात वर केले ते तसेच खाली आणले. आत पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज झाला, आणि मग कांचनताई पदराला हात पुसत दारात, मंजूषाच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मुलाकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, आणि त्यांचा हात मंजूषाच्या पाठीवर आला. तिथेच राहिला.

"मला आधी का नाही..." आशय म्हणाला आणि स्वतःच थांबला.

"गुरुवारची वेळ घेतलीये," मंजूषा म्हणाली. "सकाळची."

"मी सुट्टी टाकतो."

"काय निघेल ते माहीत नाही. अजून उशीर झालेला नसेल. असेलही."

"हं."

मागे गाणं संपलं आणि पुन्हा टाळ्या लागल्या, टक, टक करत. आशय बंद करायला उठणार होता, पण अमूने तोवर त्याच्या मांडीवर चढून त्याची दोन्ही मनगटं धरली होती. ती त्याचे हात एकमेकांवर आपटू बघत होती. पुरेसा जोर लागत नव्हता. त्याने हात सैल सोडले आणि तिला वाजवू दिले.